पांढरं ओरडतं

माणसाने 'हो' म्हणण्याआधी निदान समोरचा चहा तरी संपवावा. जावकवाल्यांनी कप तसाच ठेवला आणि 'हो' म्हणून मोकळे झाले. मेहुण्याने विचारलं होतं ते इतकंच, "भाऊजी, एका दुपारपुरता तुमचा हॉल द्याल का? माझ्या फिल्मचा एक सीन आहे. आणि त्यात तुम्हालाही काम आहे."

'काम' ऐकलं मात्र, जावकवाल्यांचा पाय टेबलाखाली हलायला लागला. (हा पाय जन्मापासून अस्वस्थच.) ऑफिसात ते जावक विभागात बसत, म्हणून जावकवाले, त्यापलीकडे त्यांची दखल कोणी घेतलेली नव्हती. ते आत बसलेले असताना शिपाई दिवे घालवून, कुलूप लावून निघून गेला, असं दोनदा झालं होतं. साहेब बोलत तेसुद्धा त्यांच्यामागच्या कपाटाशी बोलल्यासारखे. आपण आहोत हे एकदा सगळ्यांना दिसावं, एवढीच या माणसाची हौस, पण ती फार जुनी आणि फार खरी होती. दुसऱ्याच दिवशी त्यांनी सबंध ऑफिसला ऐकवलं, "फिल्ममध्ये आहे मी. डायलॉग आहे." साहेबांनी चक्क मान वर करून पाहिलं.

बायकोने परवानगी दिली, पण एका अटीवर. "मी आईकडे जाऊन संध्याकाळी येते. काय घालायचा तो गोंधळ घाला. पण नव्या पडद्यांना हात लावलात तर याद राखा!" पडदे पांढरेशुभ्र होते आणि तिने स्वतः शिवले होते.

सीन साधा होता. रात्र, अंधारी खोली, खुर्चीत घरमालक. चोर येतो, घरमालक म्हणतो, "कोण आहे तिथे?" घरमालक अर्थातच जावकवाले. चोर मेहुणा स्वतः, कारण दिग्दर्शक फुकट मिळत होता. तिसरा कॅमेरामन. त्याने आल्या आल्या खिडक्यांना बाहेरून ब्लँकेटं लावली आणि भर दुपारी रात्र करून टाकली.

"झाला की अंधार!" जावकवाले खूश होऊन म्हणाले.

"हा नुसता अंधार आहे. आपल्याला दिसणारा अंधार पाहिजे. त्याला उजेड लागतो."

कॅमेरामनने भाड्याने आणलेला मोठा दिवा लावला. फ्यूज उडाला. फ्रिज बंद करून दिवा पुन्हा लावला, फ्यूज पुन्हा उडाला. (तिसऱ्या वेळी शेजाऱ्यांचाही.) शेवटी जावकवाल्यांच्या टेबल लॅम्पवरच भागवायचं ठरलं. कॅमेरामनने कॅमेऱ्यात डोळा घातला आणि दाढ दुखल्यासारखं तोंड केलं.

"तुमचा शर्ट ओरडतोय."

जावकवाल्यांनी शर्टाकडे पाहिलं. शर्ट गप्प होता.

"कमी उजेडात पांढरं फार ओरडतं हो. सगळं लक्ष तिकडेच जातं. चहात बुडवून काढा, पांढरेपणा उतरतो. आम्ही नेहमी तसंच करतो."

जावकवाल्यांनी पातेलंभर कोरा चहा केला. शर्ट त्यात बुडाला, पिळला गेला आणि ओलाच अंगावर चढला.

"छान! आता पडदे ओरडतायत."

"पडदे नकोत! मग ही ओरडेल!"

"ताईला मी समजावतो," मेहुणा म्हणाला. "पण भाऊजी, पडदे असे राहिले तर सीन गेला. सीन गेला की तुमचा डायलॉग..."

जावकवाले 'नको, नको' म्हणत राहिले. हात मात्र पडद्यांच्या हुकांपर्यंत पोचले होते. घरातली चहाची पावडर संपली आणि बादलीभर चहा झाला. अर्ध्या तासात पडद्यांना असा काही रंग चढला की बघणाऱ्याला बिस्किटं आठवावीत.

"आता कपाळ. घामाने चमकतंय."

"तेही बुडवू?"

"नको. हा जुना कोट डोक्यावरून घ्या. अजून खाली. भुवया झाकू द्या. आता दात."

"दातांचं काय?"

"बोललात की चमकतात. डायलॉग मनात म्हणा."

"मनात? अहो, ऑफिसात सांगून बसलोय मी!"

"मनातला जास्त पोचतो. मान खाली घाला. आणि हलू नका. एवढ्या कमी उजेडात हललात तर नुसता धूर दिसाल."

जावकवाल्यांनी एका पायावर दुसरा पाय दाबून धरला, श्वास कोंडला आणि जीव ओतून मनात म्हटलं, 'कोण आहे तिथे?' चोर पावलं न वाजवता पुढे आला. तेवढ्यात धाडकन दार उघडलं आणि दारात बायको उभी!

तिची नजर पडद्यांवर गेली. पडद्यांतून अजून थेंब गळत होते.

"मेल्या! माझ्या घरात शिरून हे धंदे?" हातातली पिशवी भावाच्या पाठीत बसली. मग पुन्हा बसली.

"चुकलो, चुकलो!" चोर खुर्चीभोवती पळत सुटला.

"थांबू नका!" कॅमेरामन आनंदाने ओरडला. "दारातून काय उजेड आलाय!"

त्या संध्याकाळी जावकवाल्यांना चहा हवा होता. मागायची छाती झाली नाही.

फिल्म एका छोट्या हॉलमध्ये दाखवली तेव्हा साहेबांसकट अख्खं ऑफिस आलं होतं. तो सीन लागला. अंधार छान दिसत होता. दार उघडून बायको आत आली तेव्हा टाळ्या पडल्या, पिशवी बसली तेव्हा शिट्ट्या. जावकवाल्यांचा पाय थरथरू लागला. राहवेना, तेव्हा ते पुढच्या रांगेतल्या साहेबांच्या कानाशी वाकले.

"साहेब, ती खुर्ची बघा, खुर्ची!"

"बघतोय ना. त्यावर टाकलेला तो कोट! क्षणभर मला वाटलं, माणूसच बसलाय."

जावकवाले मागे टेकले. पडद्यावर नावं सरकू लागली. चोर, मेहुणा. घरमालकीण, बायको. मग कॅमेरा, मग संगीत, मग आभार. अगदी शेवटी, दिवे लागता लागता, 'चहा' आणि त्यापुढे जावकवाल्यांचं पूर्ण नाव.

साहेब वळले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी जावकवाल्यांकडे सरळ पाहिलं.

"अहो, चहा तुमचा होता? आणि इतकी वर्षं बोलला नाहीत?"

आता जावकवाल्यांशिवाय ऑफिसचं पान हलत नाही. सकाळपासून हाका चालू असतात, "जावकवाले, चार कप! एक बिनसाखरेचा!" शिपाईही त्यांना विसरून कुलूप लावत नाही. आधी आत डोकावून विचारतो, "कप धुऊन झाले का?"