न सांडणारी कोल्ड कॉफी

माणसाने फोनवर फार बोलू नये, होणाऱ्या व्याह्यांशी तर मुळीच नाही. इंद्रवेल्लीचे उद्धवराव सहज म्हणाले, "बाबाराव, उद्या येतो. पण एवढ्या उन्हात चहा नोका ठेवू." आणि मी बोलून गेलो, "चहा काऊन? आमच्या इथं उन्हाळाभर कोल्ड कॉफीच असते."

(आमच्या बोथच्या घरात तोवर कोल्ड म्हणजे फार तर फ्रीजमधलं ताक.)

उद्धवरावांचा मुलगा हैदराबादला नोकरीला. आमची मयूरी त्याला पसंत होती, तिला तो पसंत होता, फक्त वडीलधाऱ्यांनी बसून तारीख काढायची होती. कॉफीपायी लेकीचं लग्न अडू नये म्हणून मी सकाळीच कामाला लागलो. बायको, सुवर्णा, भाजी आणायला बाजारात गेली होती. मोबाईलमधली बाई सांगत होती, दूध घट्ट पाहिजे. फ्रीजमध्ये दोन पातेली होती. एकात नेहमीचं पांढरं दूध, दुसऱ्यात पिवळसर आणि चांगलं दाट. मी दाट उचललं, त्यात साखर-कॉफी घुसळली. पण पाहुण्यांना कच्चं दूध कसं पाजायचं? म्हणून ते शिट्टीच्या दुधाच्या कुकरमध्ये तापवलं. (साध्या पातेल्यात दूध तापवायची मला परवानगी नाही. ओट्याने फार सोसलं आहे.) शिट्टी झाली, जरा निवू दिलं आणि अख्खा कुकर फ्रीजमध्ये सरकवला. माझ्या हातून काहीच उतू गेलं नाही, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

दुपारी पाहुणे आले. मी थाटात ग्लास मांडले, बर्फ टाकला आणि सगळ्यांसमोर कुकर वाकवला. काही पडेना. आणखी वाकवला. मग सरळ पालथा धरून बुडावर थापट मारली. होणाऱ्या विहीणबाई, रेणुकाबाई, पदर सावरून जरा मागे सरकल्या.

"बाबाराव, कॉफी हाय का सिमेंट?" उद्धवरावांनी विचारलं.

सुवर्णा आतून आली, कुकरात डोकावली आणि कपाळाला हात लावून म्हणाली, "अहो, कोणत्या पातेल्यातलं घेतलं तुमी?"

"दाट होतं ते."

"तो चीक होता. शेजारची म्हैस व्याली, सकाळीच आणून देल्ला त्याईनं. खरवस करून आधी देवाले दाखवाचा होता."

देवाचा खरवस गेला, व्याह्यांची कॉफी गेली, आता लग्नही जाणार. दारात उभी असलेली मयूरी रडायच्या बेतात होती. तेवढ्यात रेणुकाबाई उठल्या. मला वाटलं, निघाल्या. पण त्यांनी कुकराचा वास घेतला आणि म्हणाल्या, "मंग दाखवा ना आता. अन् वाढा."

सुवर्णाने वड्या पाडल्या. पहिली देवघरात गेली (आमच्या देवांची ही पहिलीच कॉफी), बाकीच्या बशांतून बाहेर आल्या. उद्धवरावांनी एक वडी तोंडात टाकली आणि ते डोळे मिटून सावकाश चघळू लागले. ती वडी संपेपर्यंत मी मनातल्या मनात मयूरीसाठी दोन-तीन नवी स्थळं पाहून नापसंतही केली. मग त्यांनी बशी पुढे केली.

"अजून हाय का?"

असं हायसं मला माझ्या स्वतःच्या लग्नातही वाटलं नव्हतं. जेवणं झाली, वैशाखातली तारीख निघाली, मयूरी हसली. मीही हसत होतो, डोळे पुसत होतो.

निघताना उद्धवरावांनी माझा हात हातात घेतला. "हुंडा नोको, मानपान नोको. फक्त लग्नाच्या पंगतीत सगळ्याईले हा कॉफीचा खरवस पायजे."

"एवढंच ना," मी म्हणालो. (सुटका झालेल्या माणसाच्या तोंडाला कुलूप घालायला हवं.)

उन्हाळ्यात म्हशी सहसा वीत नाहीत, ही माहिती मला नंतर मिळाली. आता कचेरी सुटली की मी गोठे हिंडतो. पत्रिका छापून झाल्या आहेत. काल बाजारहत्नूरला म्हशीवाल्या डोमाजीच्या दारात गेलो, लग्नाची तारीख सांगितली आणि त्याच दिवसाचा चीक मागितला. त्यानं आधी म्हशीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"साहेब," तो शांतपणे म्हणाला, "तारीख काढताना हिलेबी बैठकीले बलवाले पायजे होतं."