वीतभर स्फोट

बाबांना हरवणं म्हणजे डाव्या हाताचा मळ, असं जावयाने बायकोला सांगून टाकलं होतं. तो नकाशे काढणाऱ्या कचेरीत ड्राफ्ट्समन होता आणि टेबलावर मांडायच्या अंतराळयुद्धाच्या खेळात बारा वर्षं मुरलेला. सासऱ्यांनी तो खेळ जेमतेम चारदा खेळला होता. त्यातून त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. गेल्याच आठवड्यात त्यांनी खुंटीवरच्या रेनकोटाला "या, बसा" म्हटलं होतं.

ऑपरेशनचं नाव काढलं की ते उठून दुसऱ्या खोलीत जात. शेवटी मुलीनेच पैज लावून दिली. बाबा हरले तर ऑपरेशन. जिंकले तर वर्षभर घरात कुणी तो शब्द उच्चारायचा नाही.

"मंजूर," सासरे म्हणाले. "नियम आधी वाचून दाखवा."

कोर्टात अडतीस वर्षं कारकुनी केलेला माणूस. त्याला नियम वाचून दाखवणं म्हणजे मांजरापुढे दुधाचं पातेलं उघडं ठेवणं. पण जावई खुशीत होता, कारण एक नियम त्याने स्वतः घातला होता. मूळ खेळात मारा बसून जहाजाच्या कार्डावरचे सगळे चौकोन खोडले गेले की ते नष्ट झालं. उचलायचं आणि खोक्यात ठेवायचं, बस.

"चारशे माणसांचं जहाज फुटतं, बाबा, आणि आपण ते गुपचूप उचलून ठेवायचं? चपलेतला खडासुद्धा माणूस यापेक्षा जास्त आरडाओरडा करून काढतो. म्हणून माझा नियम असा. जहाज नष्ट झालं की फासा टाकायचा. पाच किंवा सहा पडले तर इंजिनाचा स्फोट. वीतभर अंतरातल्या प्रत्येक जहाजाचे तीन चौकोन गेले."

"स्फोटाने दुसरं जहाज नष्ट झालं तर?"

"त्याचाही फासा. खरं युद्ध असंच असतं."

"लिहून सही करा," सासरे म्हणाले. जावयाने हसत हसत सही केली.

दुपारी जेवणाच्या टेबलावर काळी चादर पसरली. दोघांची सात-सात जहाजं. सासरे आपली जहाजं बोटांनी चाचपून पुढे सरकवत होते. जावई नुसत्या नजरेने अंतरं सांगत होता आणि दर डावाला एक जहाज टिपत होता. तासाभरात सासऱ्यांची दोन उरली. एक सगळ्यांत मोठं, मधोमध, आणि एक छोटंसं, लांब कोपऱ्यात. जावयाची पाच.

"आता बघ," तो बायकोला म्हणाला. पाचही जहाजं त्याने मोठ्या जहाजाभोवती आणली, लग्नात फोटोला उभे राहतात तशी दाटीवाटीने, आणि एकदम मारा केला. शेवटचा चौकोन खोडला.

"गेलं, बाबा."

"गेलं," सासरे शांतपणे म्हणाले. "फासा द्या."

सहा पडले.

जावयाने वीत मोजली. तीन जहाजं आत, दोन बाहेर.

"ही तुमची वीत झाली," सासरे म्हणाले. "नियमात वीत लिहिलंय, कुणाची ते लिहिलेलं नाही. जहाज माझं, स्फोट माझा." त्यांनी आपला पंजा पसरला. तो पंजा कोर्टाची दप्तरं एका हाताने उचलायचा. पाचही आत आली.

दोन छोटी जहाजं जागीच संपली. त्यांचे फासे जावयानेच टाकायचे होते. पाच. सहा. पुन्हा वीत, पुन्हा तीन-तीन चौकोन. जावयाला घाम फुटला. त्याने फासा फुंकर मारून टाकला, डोळे मिटून टाकला, डाव्या हाताने टाकला. फाशाला जणू पाच आणि सहा सोडून बाकी अंकच उरले नव्हते. त्याच्या मोठ्या जहाजाचा शेवटचा चौकोन त्याच्याच शेजारच्या जहाजाने खाल्ला.

चादर रिकामी झाली.

"पण माझं एक शिल्लक आहे," सासरे खुर्चीत मागे रेलले. "तिकडे, कोपऱ्यात. आता वर्षभर तो शब्द नको."

मुलगी वाकली. तिने कोपऱ्यातलं जहाज उचललं, उलटंसुलटं केलं आणि वडिलांच्या तळहातावर ठेवलं.

"बाबा, हे तुमच्या डोळ्यांच्या थेंबांच्या बाटलीचं झाकण आहे. सातवं जहाज खोक्यातच राहिलंय."

सासऱ्यांनी झाकणावरून अंगठा फिरवला.

"म्हणजे तासभर मी हे चालवत होतो?"

"हो."

त्यांनी तोंड उघडलं, बहुधा खोक्यातलं जहाज अजून फुटलेलं नाही असा मुद्दा मांडायला. मग मिटलं. "डॉक्टरांना विचार," ते हळूच म्हणाले, "कधी येऊ."

"म्हणजे मी जिंकलो," जावई म्हणाला.

"जिंकलात, जावईबापू," सासरे म्हणाले. "फक्त एक सांगा. या झाकणावर तुम्ही दोनदा तोफा डागल्यात. दोन्ही वेळा अंतर चुकलं म्हणालात. तुम्हाला ते काय दिसलं होतं?"

जावई चादरीची घडी घालू लागला.

मुलीने फोन उचलला. "नमस्कार, डोळे तपासायला वेळ हवी होती," ती म्हणाली. "नाही, दोघांची."