भोंग्याचा पासवर्ड

आमच्या धरणात एक वेळ मगर शिरेल, पण हॅकर शिरणार नाही! हे मी वेल्ह्याच्या बाजारात, कापूरहोळच्या ढाब्यावर, झालंच तर सासुरवाडीलाही छाती फुगवून सांगून आलो होतो. पुण्यात दोन दिवस सायबर सुरक्षेचं प्रशिक्षण घेतलं होतं ना! धरण तसं लहानच, तीन दरवाज्यांचं. पण दरवाजे कॉम्प्युटरवर, भोंगा कॉम्प्युटरवर, आणि कॉम्प्युटरवर मी, हनुमंत ऑपरेटर!

आल्या आल्या मी भोंग्याच्या लाल बटणावर घसरलो. पाणी सोडायच्या आधी ते बटण दाबायचं, हे सव्वीस वर्षं आमच्या चौकीदार चिमाजीमामांचं काम.

"मामा, हे काढायचं. उद्या कुणी बी येऊन दाबंल!"

"दाबू द्या की. भोंगाच वाजंल. लोकं नदीतनं वर येतील. त्यात काय वंगाळ?"

"तुमास्नी न्हाई कळायचं. आता भोंगा पासवर्डनं वाजणार."

"आन् हनुमंतराव, तुमाला पासवर्ड आठवला न्हाई तर?"

मी असा हसलो, जणू मामांनी पोपटाला पोहता येतं का विचारलं! बटण उपटलं, भोकात कापूस कोंबला. मामांना म्हटलं, आता घरी आराम करा.

भाद्रपदातली दुपार होती. धरण काठोकाठ भरलेलं. दरवाजे चार वाजता आपोआप उघडणार होते, त्याआधी मी भोंगा वाजवायचा. साडेतीनला पडद्यावर लाल अक्षरं आली: 'दुसऱ्या ठिकाणाहूनही प्रवेश सुरू आहे.'

हॅकर! घाईघाईनं पासवर्ड बदलला. बावीस अक्षरांचा नवा! तो परत टाकताना तीनदा चुकला. मग कॉम्प्युटरनं मलाच हाकललं. एक तास प्रवेश बंद!

साहेबांना फोन लावावा म्हणून खिशातला मोबाईल काढला, तर त्यावर धरणाचंच पान उघडं, पासवर्ड बदलल्यानं आता तेही बाद. सकाळी बायकोपुढं ऐट मारायला मीच उघडलं होतं. दुसरं ठिकाण म्हणजे माझ्या पँटचा खिसा!

साहेबांचा फोन लागेना. दरवाजे थांबवायचे तेही त्याच कॉम्प्युटरवरून. चाराला दहा मिनिटं होती. मी मामांना फोन लावला.

"मामा, भोंगा वाजंना! पानी सुटतंय! धा मिनटं हायती!"

"धा लई झाली," मामा म्हणाले, आणि फोन ठेवला.

मामा परात बडवत नदीकाठानं पळाले. धुणं धुणाऱ्या बायका पिळे टाकून वर आल्या. ज्ञानू आपली मेंढरं हाकत वर आला. त्याची आई मात्र कानानं ठार बहिरी. ती पलीकडं तोंड करून गोधडी आपटत बसलेली. मामा पाण्यात उतरले. म्हातारीला त्यांनी धक्का देऊन काठावर ढकललं, तेवढ्यात लोंढा आला.

म्हातारी वाचली. मामा तिसऱ्या दिवशी सापडले.

चौकशीत मी सगळं खरं लिहून दिलं. नोकरी गेली. पण तो कागद पुण्याला गेला आणि गावात वेगळीच बातमी राहिली: कुण्या परदेशी हॅकरनं धरण उघडलं म्हणे! लोक माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचे, "हनुमंत, तू तरी काय करणार?" मी मान हलवायचो. होय, हलवायचो.

तेरावं झाल्यावर मामांच्या घरी गेलो. बनामामींनी घोंगडं अंथरलं, चुलीवर चहा ठेवला. कप हातात देऊन समोर बसल्या.

"हनुमंता, त्यो मेला हॅकर घावला का रं?"

मी कप खाली ठेवला.

"व्हय मामी. घावला."

"कुठला हाय?"

"हितलाच. तुमच्या म्होरं बसलाय."

मामींनी माझ्याकडं पाहिलं. मग त्यांनी पदरानं नाक पुसलं.

"चा पी," त्या म्हणाल्या. "निवतोय."