तिसऱ्या फायलीची तरतूद नाही

एका श्रीमंत देशातल्या लिफ्ट बंद पडू लागल्या. इमारती उंच होत्या, आत राहणारी माणसं म्हातारी होत चालली होती आणि लिफ्ट दुरुस्त करणं त्या देशात कुणाला येईनासं झालं होतं. तेव्हा त्या देशाने, ज्यांच्याशिवाय आपलं पान हलत नाही अशा परदेशी कारागिरांची एक यादी काढली. यादीत नर्स दुसऱ्या क्रमांकावर होती आणि लिफ्ट-मेकॅनिक चौथ्या.

एकाच घरात यादीतले दोन जण निघावेत, असं भाग्य थोड्यांच्याच वाट्याला येतं. बायको नर्स होती. ती चार वर्षांच्या मुलीला घेऊन पुढे गेली. नवरा लिफ्टवाला, त्याने मागून जायचं ठरलं. दोन वर्षं झाली तरी तो मागूनच येत होता. मुलगी सहा वर्षांची झाली, फोनवर त्याला ओळखायची, पण त्याचे पाय बघून बरेच दिवस झाले म्हणायची. फोनमध्ये बाबा छातीपर्यंतच मावतो.

अडचण बारीकशी होती. लिफ्टवाल्याला नऊ वर्षांपासून एचआयव्ही होता. जेवण झालं की तो एक गोळी घ्यायचा, हात धुवायचा आणि कामाला लागायचा. गेली आठ वर्षं त्याच्या प्रत्येक तपासणीत एकच ओळ छापून येत होती : विषाणू आढळला नाही. डॉक्टरबाईंनी नवरा-बायकोला समोर बसवून सांगितलं होतं की गोळी अशीच चालू राहिली तर बायकोलासुद्धा लागण होत नाही. झालीही नव्हती. मुलगीही ठणठणीत होती. घरात हा विषय आता मिठाच्या डब्याइतकाच चर्चेचा राहिला होता.

ज्या कक्षात परदेशी जाणाऱ्यांच्या आरोग्याची पडताळणी होते, तो सातव्या मजल्यावर होता. लिफ्ट बंद होती. ‘दुरुस्ती चालू आहे’ ही पाटी इतकी जुनी होती की तिचे स्क्रू गंजले होते. लिफ्टवाला दर वेळी कागदांची पिशवी घेऊन सात मजले चढायचा आणि धाप न लागता अधिकाऱ्यासमोर उभा राहायचा. अधिकारी चौथ्या मजल्यापासूनच भिंतीला धरून येई. पण तपासणी अधिकाऱ्याची करायची नव्हती.

अधिकारी वाईट माणूस नव्हता. तो कामात चोख होता, हेच वाईट होतं. त्याच्या टेबलावर फायलींचे दोन गठ्ठे असत. निरोग्यांच्या पांढऱ्या, रुग्णांच्या गुलाबी. जगातला प्रत्येक माणूस या दोहोंपैकी एका पुठ्ठ्यात बसतो, अशी कक्षाची श्रद्धा होती.

लिफ्टवाल्याने अर्जात आजार खरा खरा लिहिला होता. पांढरी फाईल त्यामुळे गेली. अधिकाऱ्याने त्याचं सांत्वन केलं. गुलाबी फाईल उलट बरी, म्हणाला. तिच्यात कुटुंबवत्सल कलम आहे : ज्याची बायको नि मूल आधीच तिकडे आहे, अशा रुग्णाला विशेष परवानगी मिळते. फक्त आजाराचा पुरावा जोडायचा.

लिफ्टवाल्याने अहवाल जोडला. अधिकाऱ्याने तो वाचला, उलटा करून पाठीमागे पाहिलं आणि विचारलं, “यात विषाणू कुठे आहे?”

“आढळला नाही, साहेब.”

“मग तुम्ही रुग्ण कसे?”

“मग पांढऱ्या फायलीत घाला.”

“तिथे कसं घालू? तुम्हाला आजार आहे ना.”

दुसऱ्या तपासणीचा आदेश निघाला. अहवाल तोच. मग कक्षाच्या मान्यतेची तिसरी प्रयोगशाळा. अहवाल तोच. अधिकारी दुखावला गेला. तीन तीन संधी दिल्या, म्हणाला, आणि तुम्हाला एक साधा विषाणू आणता येत नाही. फाईल तोवर दोन गठ्ठ्यांच्या मधे, उघड्या टेबलावर पडली होती. टेबलाची जागा कुठल्याच नोंदवहीत नसल्यामुळे ती फाईल कार्यालयात आहे असंही म्हणता येत नव्हतं.

शेवटी अधिकाऱ्याने पेन खाली ठेवलं. माणुसकीने वागायचं ठरवलं की तो पेन खाली ठेवी.

“असं करा. दोन-तीन महिने गोळ्या थांबवा. जरा आजारी पडा. आकडा वर आला की या, मी स्वतः गुलाबीत घेतो.”

डॉक्टरबाईंनी हे ऐकलं आणि त्या खुर्चीतून उठल्याच. गोळ्या थांबवल्या तर विषाणू परत येईल, बायकोला लागण होऊ शकेल, वर हेच औषध पुढे लागू पडेल याची खात्री राहणार नाही, असं त्यांनी दोन पानी पत्रात लिहिलं. पत्राच्या शेवटी त्यांनी लिहिलं होतं की हा माणूस तुमच्या माझ्यापेक्षा जास्त जगेल, त्याला त्याच्या लेकराकडे जाऊ द्या. कक्षाने पत्र ‘भावना’ या सदराखाली दाखल करून घेतलं.

पत्राचा उपयोग एवढा झाला की अधिकाऱ्याने कुटुंबवत्सल कलम पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचलं. त्यात दुसरी अट होती. रुग्णाने उपचार एक दिवसही चुकवलेला नसावा. म्हणजे गोळी घेतली तर आजार सिद्ध होत नव्हता आणि सोडली तर अट मोडत होती. इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्हींवर कक्षाचा शिक्का.

“हे कलम लिहिलं कुणी?” लिफ्टवाल्याने विचारलं.

“निरोगी माणसांनी,” अधिकारी अभिमानाने म्हणाला.

त्याच महिन्यात लिफ्ट दुरुस्त झाल्याचं जाहीर झालं. पहिल्या दिवशी अधिकारी एकटाच तीत चढला आणि पाचव्या-सहाव्या मजल्याच्या मधे अडकला. लिफ्टवाला जिन्यावरच होता. त्याने खाली जाऊन वीज तोडली, वर येऊन पिशवीतल्या किल्लीने दार उघडलं, पालथा पडला आणि आत हात दिला. अधिकाऱ्याने हाताकडे पाहिलं.

“दुसरं कुणी नाही का?”

“दुसरे सगळे त्या देशात गेले, साहेब.”

अधिकाऱ्याने वरिष्ठांना फोन लावून मार्गदर्शन मागितलं. ज्या अर्जदाराची फाईल कोणत्याच रंगाची नाही त्याचा हात धरावा की कसे? पस्तीस मिनिटांनी उत्तर आलं : विशेष बाब म्हणून धरावा, पायंडा पाडू नये. अधिकाऱ्याने मधे एक पुठ्ठा धरला आणि तो वर आला. लिफ्टवाल्याच्या लक्षात आलं, पुठ्ठा पांढरा होता. आभार मात्र त्याला तोंडी मिळाले, आणि अर्जात एक नवी नोंद झाली : अर्जदाराने कार्यालयाच्या मालमत्तेला विनापरवाना हात लावला.

आठवड्याने निकाल आला. अर्जदार निरोगी असल्याचं सिद्ध होत नाही. अर्जदार आजारी असल्याचं सिद्ध होत नाही. तिसऱ्या फायलीची तरतूद नाही. सबब अर्ज नामंजूर. खाली सही, तारीख, गोल शिक्का.

त्याने फोनवर तो कागद बायकोला वाचून दाखवला. ती तेव्हा कुणा म्हाताऱ्याचं अंथरूण बदलत होती. तिने चादर ताणून घेतली आणि म्हणाली, “अहो, पुरे झालं. ते तुम्हाला येऊ देत नाहीत ना, मग आम्ही येतो. खोली तेवढी मोठी बघा.”

आणि ती आली. यादीतला दुसरा क्रमांक मोकळा झाला.

हे वाचून तुमचं रक्त तापलं असेल. असल्या कक्षाला टाळं लावा, म्हणाला असाल. माणुसकी नावाची गोष्ट उरली नाही, हेही म्हणून झालं असेल. बरोबरच आहे तुमचं.

काल ती तिघं तुमच्या घरावरची दोन खोल्यांची जागा बघायला आली होती. दार तुम्हीच उघडलंत. मुलीला खिडकी आवडली, तिने लगेच आपला बिछाना कुठे येईल ते पावलं टाकून मोजलं. भाडं ठरलं. किल्ली तुमच्या हातात होती. मग लिफ्टवाल्याने, पुढे कुठून तरी कळण्यापेक्षा आत्ताच सांगितलेलं बरं म्हणून, आजाराचं सांगितलं.

तुम्ही अजिबात दचकला नाहीत. “छे हो, त्यात काय एवढं, आम्ही वाचणारी माणसं आहोत,” म्हणालात. मग किल्ली खिशात टाकलीत आणि कपाळावर हात मारून घेतलात. विसरूनच गेलो बघा, ही जागा पुतण्याला द्यायची ठरलीय.

मुलगी खिडकीपाशीच उभी होती. आईने तिला हाक मारली आणि तिघं जिना उतरली.

त्या कक्षाने सही करून, शिक्का मारून, कारणासकट नाही म्हटलं होतं. तुम्हाला तर भाऊच नाही.