शेजारी दिसत नाही

नेटवर्क इंजिनीअरच्या बायकोने तीन राउटर, एक बॅटरी आणि वायरींचं भेंडोळं ड्रेसिंग टेबलावरून उचललं आणि सरळ गॅलरीत नेऊन ठेवलं.

"आजपासून तुमचं ऑफिस इथं. गॅलरी बंद करून खोली करा. माझ्या आरशात मला माझं तोंड दिसू दे!"

खोलीला शेजाऱ्यांची लेखी संमती लागत होती, कारण दोन गॅलऱ्यांच्या मध्ये नुसता पत्रा. शेजारी होते निवृत्त हेडमास्तर. अकराला येऊन सही करतो, असं त्यांनी कबूल केलं होतं.

दहाला कंपनीच्या गोदामातून सहकाऱ्याचा फोन आला. तिथल्या नव्या राउटरची मुख्य कचेरीतल्या राउटरशी ओळखच होत नव्हती. राउटरांचंही माणसांसारखंच असतं. ठरावीक वेळाने एकमेकांना 'हॅलो' म्हणायचं, ओळख पटली की समोरच्याची शेजारी म्हणून नोंद करायची, मग आपापल्याकडचे रस्ते सांगायचे. हॅलो थांबला की शेजार संपला.

"शेजारी दिसतोय का?" गोदामातल्या गोंगाटावर मात करायला इंजिनीअर ओरडला.

पत्र्यापलीकडे कुंड्यांना पाणी घालणारी झारी थांबली.

"नाही? साधा हॅलोसुद्धा नाही? चाळीस सेकंद थांब. तेवढ्यात तोंड उघडलं नाही तर मेला असं समज!"

पलीकडे झारी खाली ठेवल्याचा आवाज झाला.

"अरे, शेजाऱ्याशी आपल्याला काय करायचंय? त्याच्याकडचे रस्ते मिळाले की झालं!"

पावणेअकराला बेल वाजली. दारात हेडमास्तर, खांद्यावर शिडी.

"ही तुमची शिडी. दोन वर्षं राहिली होती."

इंजिनीअरने एका हाताने त्यांना थांबण्याची खूण केली आणि फोनमध्ये सांगितलं, "काढून टाक त्याला! काळजी करू नकोस, आपोआप परत येतो."

हेडमास्तर शिडी टेकवून निघून गेले. पाच मिनिटांत पुन्हा बेल. या वेळी बायकोने दार उघडलं.

"आलो परत," हेडमास्तर म्हणाले. "आपोआप. ही तुमच्या घराची दुसरी किल्ली. माझ्याकडे सांभाळायला दिली होतीत."

"आत्ता कशाला, सर?"

"मी मेलो की शोधत बसाल. चाळीसच सेकंद आहेत माझ्याकडे."

"आणि ती सही?"

"मेलेल्या माणसाची सही चालत नाही, सूनबाई."

बायकोने नवऱ्याकडे असं पाहिलं, की त्याने फोन तसाच बाजूला ठेवला, हेडमास्तरांना हाताला धरून लॅपटॉपसमोर बसवलं आणि सगळा प्रकार समजावून सांगितला. हेडमास्तरांनी चष्मा चढवला.

"म्हणजे मेलाय तो मी नव्हे?"

"नाही हो सर! तो मुख्य कचेरीतला राउटर. गोदामातल्याला तो दिसत नाही."

"मग त्या दोघांचं बिनसलंय कुठं?"

"तेच कळत नाही. कचेरीतल्याचं सगळं मी इथून तपासलं, गोदामातल्याचं तिथल्या सहकाऱ्याने. दोन्ही बरोबर."

"आपापले पेपर आपणच तपासलेत?" हेडमास्तर ताडकन उठले. "छत्तीस वर्षांत एकाही पोराला ही मुभा दिली नाही मी. दोन्ही पेपर एकाशेजारी एक ठेवा!"

इंजिनीअरने दोन्ही राउटरांची माहिती पडद्यावर जोडीने लावली. हेडमास्तरांचं बोट ओळीओळीने खाली सरकत सातव्या ओळीवर थांबलं.

"हा दर दहा सेकंदांनी हॅलो म्हणतो, तो तीस सेकंदांनी. हे असं चालतं?"

इंजिनीअरने जीभ चावली. अजिबात चालत नव्हतं. वेळ जुळल्याशिवाय राउटर एकमेकांना शेजारी मानतच नाहीत. त्याने तिसाचे दहा केले. बाजूला ठेवलेल्या फोनमधून ओरडा आला, "साहेब, आला! शेजारी आला!"

बायकोने लगेच संमतीपत्र पुढे केलं. हेडमास्तरांनी पेन उघडलं, कागद वाचला आणि पेन मिटलं.

"सही नाही करणार."

"अजून राग आहे का, सर?"

"छे! निवृत्त झाल्यापासून आज पहिल्यांदा कुणाची तरी चूक काढली. काय बरं वाटलं म्हणून सांगू! तुम्ही भिंत घातलीत तर मला ऐकू कसं येणार?"

बायकोने कागदाकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं.

"सर, तुमची पुढची खोली रिकामीच असते ना?"

संध्याकाळच्या आत सगळं सामान पलीकडे गेलं. दुसऱ्या दिवशी इंजिनीअर नऊ वाजून सात मिनिटांनी कामावर पोचला. हेडमास्तर घड्याळ घेऊन दारातच उभे होते.

"पालकांना घेऊन या. मगच आत."

इंजिनीअर मुकाट्याने वळला आणि बायकोला बोलवायला घरी गेला.