चार नंबरचा डोळा

सकाळी पावणेअकराला पॅनेलवरचा पिवळा दिवा लागला, थिनरचे पंप आपोआप बंद पडले, आणि उदयसिंहांनी हजेरीचं रजिस्टर उघडून संशयितांची नावं वाचायला सुरुवात केली.

उदयसिंह हे चिंचोलीच्या एमआयडीसीतल्या थिनरच्या कारखान्याचे सेफ्टी ऑफिसर. मूळचे मोडनिंबचे. स्वभाव असा, की दूधवाल्यानं आपणहून पळीभर दूध जास्त घातलं तर हा माणूस दिवसभर त्यातल्या पाण्याचा विचार करायचा. थिनर म्हणजे नुसत्या ठिणगीनं पेटणारी चीज, तेव्हा तिथं संशयी माणूस ठेवणं एका अर्थी शहाणपणाचंच होतं. अडचण एवढीच होती, की उदयसिंहांचा थिनरवर विश्वास होता. नव्हता तो माणसांवर.

दोन महिन्यांपूर्वी टँकर भरण्याच्या शेडमध्ये नवी यंत्रं बसली. हवेतला गॅस हुंगणारी सहा आणि आगीची ज्वाला टिपणारी चार. कामगारांनी पहिल्यांचं नाव ‘नाक’ ठेवलं आणि दुसऱ्यांचं ‘डोळा’. डोळ्याच्या काचेवर काही बसलं, की त्याला दिसेनासं व्हायचं आणि तो पिवळा दिवा लावायचा. डोळ्याला दिसत नसताना थिनर हलवायचं नाही, म्हणून पंपही थांबायचे. चार नंबरचा डोळा जिन्याजवळच्या खांबावर, सहज हात पोचेल अशा उंचीवर होता.

पहिला पिवळा दिवा लागला तो शेजारच्या टॉवेलच्या कारखान्यातली तूस उडून काचेवर बसल्यामुळे. उदयसिंहांनी स्वतः खास फडक्यानं काच पुसली. नंतर काच खरोखर साफ राहते का, हे ते रोज जातायेता बोट फिरवून बघू लागले, घरी टेबलावरची धूळ बघतात तसं. तरी दोनच दिवसांत, त्या सकाळी पावणेअकराला, पुन्हा दिवा लागला. या वेळी काचेवर तूस नव्हती. तेलकट डाग होता.

“ह्ये आपोआप झालेलं न्हाय,” उदयसिंह म्हणाले. “कुणीतरी करतंय.” हे बोलताना त्यांना थोडं समाधानही वाटलं. तूस ही काही संशय घेण्यासारखी वस्तू नव्हे.

पहिला संशय इलाहीबक्षवर गेला. इलाहीबक्ष पंपाचा फिटर, अकरा वर्षं तिथंच काम करणारा. गेल्या महिन्यात गेटवर त्याच्या खिशात विड्यांचं बंडल सापडलं होतं आणि उदयसिंहांनी त्याला सगळ्यांसमोर माफी मागायला लावली होती. म्हणजे राग होता. हातही कायम तेलकट. आणखी काय पाहिजे?

“चार नंबरच्या डोळ्याला हात लावलास?”

“न्हाय साहेब.”

“मग ग्रीस कुटनं आलं?”

“साहेब, माझा ग्रीस काळा असतो. ह्यो डाग पिवळा हाय की.”

“एवढं बारीक बघितलंस म्हंजे जवळ गेला होतास.”

यावर काय बोलावं हे इलाहीबक्षला कळेना. त्याचं गप्प बसणं उदयसिंहांनी वहीत नोंदवून ठेवलं. दुपारी खांबाभोवती दहा फुटांवर पांढरा पट्टा मारला गेला. इलाहीबक्षनं तो ओलांडायचा नाही, असा हुकूम निघाला.

सोमवारी पुन्हा दिवा लागला आणि या खेपेला काचेवरचा डाग लालसर होता. उदयसिंहांनी झाडूवाल्या काशम्माला बोलावलं. काशम्मा मैंदर्गीची. खंडेनवमीला तिनं आगीच्या बंबांपासून वजनकाट्यापर्यंत दिसेल त्याला हळदकुंकू लावलं होतं.

“काशम्मा, डोळ्याला कुंकू लावलंस?”

“यप्पा, डोळ्यात कुंकू कोण घालंल साहेब? कुंकू कपाळाला लावत्यात.”

“खंडेनवमीला मशीनला लावलंस की न्हाय?”

“लावलं की. तवा मॅनेजर मॅडमनीच ताट धरलं होतं.”

मॅडमवर संशय घेणं उदयसिंहांना अवघड नव्हतं, पण वहीत लिहिणं अवघड होतं. त्यांनी काचेचा वास घेतला. वास कुठंतरी ओळखीचा वाटला. ओळखीचा माणूसच दगा देतो, असं म्हणून त्यांनी काच पुसली आणि पंप सुरू केले.

त्या दिवसापासून त्यांनी कँटीनमध्ये बसणं सोडलं. सगळे न्याहारीला जातात आणि शेड मोकळी पडते, गुन्हा तेव्हाच घडत असणार, हा त्यांचा हिशोब. आधीही ते कँटीनमध्ये दोन घास खाऊन मधेच उठायचे आणि शेडकडे एक चक्कर टाकून यायचे. आता ते शेडबाहेरच्या पत्र्याखाली उभ्यानंच कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खाऊ लागले. घास खायचा, आत डोकवायचं, खांबापर्यंत जाऊन काच बघायची, परत येऊन घास खायचा. चटणी बायकोच्या हातची, वर तेलाची धार. पण असल्या प्रसंगी चवीकडे कोणाचं लक्ष असतं?

मंगळवारी पंप थांबले तेव्हा बाहेर तीन टँकर खोळंबले. मॅनेजर वैजयंती मॅडमनी उदयसिंहांना केबिनमध्ये बोलावलं.

“गुरुवारी परवान्याची तपासणी आहे. ऑडिटरसमोर पिवळा दिवा लागला तर शेडला कुलूप लागेल. कारण काय आहे?”

“कारण न्हाय मॅडम, माणूस हाय. मला फक्त पुरावा पायजे. खांबासमोर कॅमेरा लावा.”

“आणि सापडला तर?”

उदयसिंह तयारीनं आले होते. त्यांनी खिशातून घडी केलेला अर्ज काढला. चार नंबरच्या डोळ्याची काच जो कोणी खराब करत असेल, त्याची कसलीही सबब न ऐकता आणि तोंडही न बघता त्याला त्याच दिवशी कामावरून कमी करावं, असं लिहून खाली ठसठशीत सही केली होती.

“यात नाव नाहीये,” मॅडम म्हणाल्या.

“नाव कॅमेराच सांगंल की.”

अर्जाची बातमी दुपारपर्यंत कारखानाभर झाली. इलाहीबक्षच्या घरात कमावणारा तो एकटाच. मुलगी अर्शी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. तो सरळ मॅडमकडे गेला आणि म्हणाला, “कॅमेरा लावा मॅडम. आजच लावा.” हे ऐकल्यावर उदयसिंहांचा संशय पक्का झाला. निर्दोष माणूस इतकी घाई कशाला करेल?

कॅमेरा संध्याकाळीच बसला. बुधवारी पावणेअकराला दिवा लागला. उदयसिंह जवळजवळ धावतच केबिनमध्ये गेले. जाताना इलाहीबक्षला बरोबर घेतलं, आणि साक्षीदार म्हणून काशम्मालाही. मॅडमनी रेकॉर्डिंग लावलं.

नऊ वाजता खांबाजवळ कोणी नव्हतं. पावणेदहाला काशम्मा आली, खालची फरशी झाडून निघून गेली. दहा वाजता इलाहीबक्ष पट्ट्यापाशी आला, मान उंच करून डोळ्याकडे बघत राहिला आणि तसाच परत फिरला.

“बघा, कसा बघतोय,” उदयसिंह म्हणाले.

“बघायला बंदी नाही,” मॅडम म्हणाल्या आणि रेकॉर्डिंग पुढे सरकवलं.

दहा वीसला एक माणूस आला. डोक्यावर पांढरं हेल्मेट, डाव्या हातात कागदात गुंडाळलेली भाकरी, तोंड चालू. त्यानं उजव्या हाताचं बोट काचेवरून फिरवलं. बोट डोळ्यांजवळ धरून बघितलं, समाधान झालं नाही म्हणून दुसरं बोट फिरवलं. मग अंगठ्यानं काचेचा कोपरा नीट घासला आणि निघून गेला. पाच मिनिटांत तो आणखी एक घास चावत परत आला.

पांढरं हेल्मेट अख्ख्या कारखान्यात एकच होतं.

“माझं हेल्मेट चोरलंय कुणीतरी,” उदयसिंह म्हणाले.

तेवढ्यात पडद्यावरच्या माणसानं कॅमेरा चालू आहे की नाही हे बघायला वर तोंड केलं, आणि हात हलवून दाखवला. बोटं लालसर होती.

काशम्मानं पदर तोंडाला लावला. मॅडमनी ड्रॉवरमधून अर्ज काढून टेबलावर ठेवला. उदयसिंहांनी तो वाचला नाही, त्यांना पाठ होता. एखादी सबब सांगावी म्हटलं, तर सबब ऐकू नये असं त्यांनीच लिहून दिलं होतं. नोकरी गेली तर घरी काय सांगायचं, हा विचार त्यांच्या मनात पहिल्यांदाच आला. काल हाच विचार आणखी एकाच्या घरात रात्रभर जागा असणार, हेही त्यांना उशिरा का होईना, सुचलं.

“मला सोमवारीच कळलं होतं साहेब,” इलाहीबक्ष हळूच म्हणाला. “पट्ट्यापतुर तुमच्या चटणीतल्या लसणाचा वास येत होता.”

“मग बोलला का न्हाईस?”

“काय बोलू? तुमी लिवलं असतं, चोर दुसऱ्यावर ढकलतोय म्हनून.”

उदयसिंहांनी अगदी हेच लिहिलं असतं, आणि खाली दोन रेघा मारल्या असत्या.

“इलाहीबक्ष, तुम्हीच सांगा,” मॅडम म्हणाल्या. “या अर्जाचं काय करू?”

इलाहीबक्षनं अर्ज उचलून पहिल्या ओळीपासून वाचला. अकरा वर्षांत त्याला असा प्रश्न कोणी विचारला नव्हता, त्यामुळे त्यानंही घाई केली नाही.

“फाडा मॅडम,” तो शेवटी म्हणाला. “नवा साहेब आला तर तो पन हात लावूनच बघंल. ह्यांना निदान आता ठावं हाय.”

अर्ज फाडला गेला. काचेचं काम इलाहीबक्षकडे आलं आणि उदयसिंहांनी तिकडे फिरकायचं नाही असं ठरलं.

गुरुवारी ऑडिटर आला. त्यानं सगळी नाकं आणि डोळे तपासले, लांबून खोटी ज्वाला दाखवून बघितली. चारही डोळ्यांनी ती टिपली. दिवसभर पिवळा दिवा लागला नाही. परवाना मंजूर झाल्यात जमा होता.

“चार नंबरची काच छान आहे,” ऑडिटर म्हणाला. “कोण साफ करतं?”

“हे इलाहीबक्ष,” उदयसिंह म्हणाले. “रोज सकाळचं काम त्यांचंच.”

“आज केली होती का, हे तुम्ही स्वतः बघितलंत?”

उदयसिंहांनी दोन्ही हात पाठीमागे नेले. “न्हाय साहेब. ते म्हनले केली, म्हंजे केली.”

पट्ट्याशेजारी उभ्या असलेल्या इलाहीबक्षनं चमकून त्यांच्याकडे बघितलं. ऑडिटरनं मान हलवली आणि वहीत काहीतरी लिहिलं.

अहवाल संध्याकाळी आला. सगळे रकाने उत्तम होते. शेवटी एकच शेरा होता: सेफ्टी ऑफिसर कामगारांवर डोळे झाकून विश्वास ठेवतात, ही सवय सुधारावी. उदयसिंहांनी तो दोनदा वाचला. हे ऑडिटरच्या कानात कोणी घातलं असेल, असा एक विचार त्यांच्या मनात येऊन गेला. पण त्यांनी वही उघडली नाही.