जोतीराम दात खातो

"भाऊसो, लिहून घे! आज माझा डोळा मिटला तर जोतीराम नाव लावणार न्हाई!"

सांगलीच्या होस्टेलच्या पायरीवर उभं राहून जोतीरामनं ही गर्जना केली, तेव्हा सकाळचे दहा वाजले होते आणि गडी उभ्याउभ्याच पेंगत होता. एप्रिल महिना, बी. एस्सी.चं शेवटचं वर्ष, सोमवारी युनिव्हर्सिटीचा पहिला पेपर. असल्या दिवसांत होस्टेलमधली पोरं जागेपणी अभ्यास करत आणि झोपेत दात खात. हे एकट्या जोतीरामचं दुखणं नव्हे बरं का! खोलीखोलीतून करकर ऐकू यायची. वॉर्डनसाहेब म्हणायचे, परीक्षेची धास्ती हो, पेपर संपले की आपोआप थांबतं. पण बाकीची पोरं दात खायची ती हौसेखातर म्हणा. जोतीरामचं काम पक्कं! कर्रर्र खट, कर्रर्र खट, एका ठेक्यात, तासन्‌तास!

आता यात घाबरण्यासारखं काय, असं तुम्ही म्हणाल. तुमचं लग्न झालंय, तुम्ही म्हणणारच! जोतीरामच्या साताऱ्याकडच्या गावात झोपेत दात खाणाऱ्याला अवलक्षणी समजत. गेल्या वर्षी कराडची एक सोयरीक अगदी सुपारीपर्यंत आली होती. दुपारी जेवून जोतीराम तिथंच जरा लवंडला. उठून बघतो तर मुलीचा मामा त्याच्या चपला दाराकडं तोंड करून मांडत होता!

आणि आता माधवनगरची शालू. तिला त्यानं एकदाच पाहिलं होतं, सांगलीच्या बसस्टँडवर, वडिलांबरोबर. ऊस चोखणाऱ्या म्हाताऱ्याकडं बघून ती खुदकन हसली होती. बस्स! तेव्हापासून रसायनशास्त्राचं पुस्तक उघडलं की पानावर शालूच. ही सोयरीक मोडली तर जगून तरी काय करायचं, असं त्याला मनापासून वाटत होतं. तिच्या वडिलांचा, नानासोंचा निरोप आला होता, "वडीलधारी येतील तवा येतील, पोरगं आज जेवून जाऊ दे." आणि आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. पाहुण्याला पोटभर जेवू घालून वर चटई-उशी टाकून आडवं केल्याशिवाय यजमानाचं समाधान होत नाही!

"म्हणून तर मी संगं येतोय," भाऊसो म्हणाला. हा त्याचा खोलीतला जोडीदार. कॉलरला टाचणी खोचून तो सायकलवर बसला. "तुझी मान कलली रं कलली, की टोचलीच!"

नानासो माधवनगरच्या कापडगिरणीत मागखात्यात जॉबर, म्हणजे मागांवरचा मुकादम. घर गिरणीच्या भिंतीला लागून. पण दारात पाऊल टाकलं आणि जोतीराम उंबऱ्यातच थबकला. नानासोंचे डोळे लालबुंद! शालूची आई रंगुबाई वाढायला आली, तिचेही लाल! मीठ तिनं पानात दोनदा वाढलं. आणि शालू पाण्याचा तांब्या घेऊन आली तर तिच्या पापण्या टम्म सुजलेल्या.

"रडलीय रं," जोतीराम भाऊसोच्या कानात कुजबुजला. "मी पसंत न्हाई तिला!"

"गप जेव. तोंड बंद ठेवायची सवय कर!"

पुरणाच्या पोळ्या, वर तुपाची धार. जोतीरामनं दोनच खायच्या ठरवल्या होत्या. रंगुबाईनं सहा वाढल्या. मग यायची ती चटई आलीच. बाहेर एप्रिलचं ऊन पसरलेलं, माजघरात गारवा, गल्लीत चिटपाखरू नाही. सगळं कसं शांत, शांत, तुपात भिजल्यासारखं.

"पडा जरा, पाव्हणं," नानासो म्हणाले.

"मी... बसतो की."

बसता बसता भिंत पाठीला लागली. भिंतीवरून पाठ घसरली. जोतीरामनं केविलवाण्या नजरेनं भाऊसोकडं पाहिलं. भाऊसो टाचणी हातात धरून घोरत होता!

मग जोतीराम गेलाच. कृष्णेच्या पाण्यावर एक होडी निघाली होती, आणि तिच्यात तो नि शालू. पाणी हळदीच्या रंगाचं. दोन्ही काठांवरचा ऊस पार आभाळाला टेकलेला. शालूनं एक कांडं मोडून त्याच्या हातात दिलं. प्रत्येक पेरावर एक प्रश्न लिहिलेला! जोतीराम पेर दातानं सोलायचा, प्रश्न चावून गिळायचा, शालू हसून पुढचं पेर द्यायची. ऊस संपत नव्हता, नदी संपत नव्हती. कर्रर्र खट, कर्रर्र खट... इतका गोड पेपर त्यानं आयुष्यात सोडवला नव्हता.

जाग आली तेव्हा उन्हं कलली होती. त्यानं तोंडावर हात ठेवला. जबडा ठणकत होता. म्हणजे झालं! खाल्ले दात! आता चपला शोधायच्या, या विचारानं तो उठला आणि जागीच थिजला.

नानासो भिंतीशी आडवे, तोंड उघडं. रंगुबाई चुलीपुढं मुटकुळं करून पडलेली, हातात चहाची गाळणी. शेजारची तानुबाई विरजण मागायला आली असावी, ती वाटीसकट उंबऱ्यावर कलंडलेली. आणि शालू दाराच्या चौकटीला डोकं टेकून निपचित!

"आयायाय! पुरण बाधलं!" जोतीराम किंचाळला. स्वतःच्या सहा पोळ्या त्याला आठवल्याच नाहीत. "ईषबाधा! डाक्टर बोलवा वो कुणीतरी!"

त्यानं अख्खी गल्ली उठवली. कुणी मिठाचं पाणी आणलं, कुणी कांदा फोडला, एकानं तर रडायलाच सुरुवात केली. जोतीरामनं पाण्याची कळशी उचलली आणि होणाऱ्या सासऱ्याच्या तोंडावर उपडी केली!

नानासो ताडकन उठले. "कुणी उठवलं रं मला? पंधरा दिसांनी डोळा लागला हुता!"

"तुमी... जित्ते हाय?"

"आता मारशील, लेका! विजेची कपात म्हणून गिरणी पंधरा दीस बंद हाय. आमी जल्मभर मागाच्या आवाजात झोपल्याली माणसं. आवाज थांबला नि सगळ्या गल्लीची झोप उडाली. आज दुपारी कुठनं तरी माग चालू झाला, मस्त, एका ठेक्यात! वाटलं, गिरणी सुरू झाली."

गल्लीतली माणसं गिरणीकडं बघू लागली. गिरणी मुकाट. भाऊसोनं टाचणी हळूच खिशात टाकली.

जोतीरामला कळायचं ते कळलं. गप्प बसला असता तर सुटला असता. पण शालू जागी होऊन त्याच्याकडंच बघत होती, आणि तिच्याशी खोटं बोलायला जीभ रेटेना.

"माग न्हवं," तो म्हणाला. "मी हुतो. मी झोपंत दात खातो. कराडची सोयरीक त्याच्यापायीच मोडली. येतो मी."

त्यानं चपलांत पाय घातला.

"आवं, थांबा!" शालू पहिल्यांदाच बोलली. "रोज खाता?"

"परीक्षा आली की रोज."

शालूनं वडिलांकडं पाहिलं. नानासोंनी रंगुबाईकडं पाहिलं. उंबऱ्यावरून तानुबाई डोळे चोळत म्हणाली, "आगं, हो म्हण की! गिरणीचा काय भरवसा!"

लग्न मे महिन्यात झालं. जून लागला तसा निकालही लागला, जोतीराम चक्क सेकंड क्लासमध्ये पास. नवी नवरी साताऱ्याकडच्या मळ्यातल्या घरात नांदायला आली. भोवती ऊस, मैलभर दुसरं घर नाही. आणि जोतीराम? काळजी मिटलेली, बायको मनासारखी. गडी झोपायचा तो असा बिनआवाजी, की श्वास चालू आहे का बघावं लागे. शालू आठ दिवस कुशी बदलत राहिली. नवव्या दिवशी लाल डोळ्यांनी तिनं न्याहारीच्या ताटाबरोबर एक कागद पुढं सरकवला.

"हे काय गं?"

"एम. एस्सी.चा फारम. सही करा!"

आज जोतीरामच्या दारावरच्या पाटीवर नावापुढं पाच पदव्या आहेत आणि सहावीचा अभ्यास चालू आहे. येणारा-जाणारा तोंडात बोट घालून विचारतो, "गड्या, शिकायची एवढी आवड?"

जोतीराम पुस्तकातून डोकं वर काढतो आणि दबक्या आवाजात म्हणतो, "आवड कसली रं! बायकोला झोप लागत न्हाई!"